चिंचेची खूण

१

तेहतीस वर्षं मुंबईच्या बंदरात लाँच चालवून माणूस साठीला घरी आला, की त्यानं काय करावं? ओट्यावर बसून जाळी सांधावी, येणाऱ्याजाणाऱ्याला उगीच हाक मारावी, दुपारी ताणून द्यावी. पनवेलच्या कोळीवाड्यातल्या कृष्णकांत घरतानं यातलं काही केलं नाही. एका पारशी डॉक्टरनं देश सोडताना आपली शिडाची लाकडी यॉट त्याला देऊन टाकली होती. ती त्यानं दुसऱ्या बोटीमागं बांधून खाडीत आणली आणि दोन वर्षं तिच्या फळ्या बदलत, भेगा बुजवत, रंग घासत बसला.

"मासे धरायचे नायत, रेती भरायची नाय, मंग नाव हवी कशाला?" धक्क्यावर बायका विचारायच्या.

"मिरवायला," कमळाबाई तोंडावर सांगायची. "तुमच्या डोळ्यांत खुपावी म्हणून आनलीय."

घरात शिरल्यावर मात्र हाच प्रश्न ती नवऱ्याला विचारायची, आणि चांगला आवाज चढवून विचारायची. उत्तर ठाऊक होतं, म्हणून तर राग यायचा. नावेवर त्यानं निळ्या रंगात 'दत्तप्रसाद' लिहिलं तेव्हा वाड्याला वाटलं, देवाचं नाव आहे. ते भावाचं होतं.

हा दत्ता कमळाबाईनं कधी पाहिला नव्हता. तिच्या लग्नाच्या आदल्या साली, म्हणजे अठ्ठावन्न साली, दोघे भाऊ बापाची नवी होडी घेऊन खाडीत खाली गेले होते. चिंचेच्या खुणेवर, बापाच्या नेहमीच्या जागी, नांगर टाकला. एकवीस वर्षांचा दत्ता लहान होडकं घेऊन तिवरांच्या रानात चिंबोऱ्या काढायला गेला. जाताना म्हणाला, "दादा, मी येईपत्तुर नांगर उचलू नको." ओहोटी लागली. होडी चिखलात बसून कलंडली तर फळ्या फुटतील, बाप जीव घेईल, या भीतीनं कृष्णकांतनं नांगर उचलला आणि होडी खाली खोल पाण्यात नेली. येईल की मागून, असं त्याला वाटलं. दत्ता आला नाही. तीन दिवस सगळा वाडा शोधत होता, तर होडक्याची फळीसुद्धा हाती लागली नाही.

लग्नानंतर आठवड्याभरात कृष्णकांतनं हे तिला एकदा सांगितलं. पुन्हा पस्तीस वर्षांत अक्षर काढलं नाही. पण यॉटला रंग मारता मारता त्याचा हात मध्येच थांबायचा, आणि तो खालच्या अंगाला, खाडीकडं बघत राहायचा. म्हणून नाव पाण्यात उतरली त्या दिवसापासून ती प्रत्येक फेरीला त्याच्याबरोबर होती. तिला यॉटचं काडीचं कौतुक नव्हतं. सकाळी घरून नेलेला माणूस संध्याकाळी घरी परत आणायचा, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं, आणि त्यात ती देवाचंही ऐकणार नव्हती.

२

दसऱ्यापासून दर पुनवेला त्यांची फेरी असायची. सुकाणू कमळाबाईकडं. कृष्णकांतचा डावा हात अकरा वर्षांपूर्वी लाँचवर दोर तुटून बसलेल्या फटक्यानं कामातून गेला होता, खांद्याच्या वर म्हणून जात नव्हता. घरात खुंटीवर त्याचा सदरा तीच अडकवायची, फळीवरचा डबा तीच काढायची. नावेवर शीडही दोघं मिळून चढवायची. तो खालून ओढायचा, वरचं तिच्याकडं.

तो पुढच्या टोकाला उभा राहून पाण्याची खोली मोजायचा. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा आणि हाताहाताच्या अंतरावर गाठ. गोळा तळाला लागला की गाठी मोजून तो ओरडायचा, "नऊ!" मागून कमळाबाईनं "नऊ!" म्हणायचं. ती म्हणाली नाही तर तो पुढचं माप घ्यायचा नाही, तिथंच तोच आकडा ओरडत राहायचा. बंदरातली सवय होती ती. मागच्यानं ऐकलं असेल असं धरून चालायचं नसतं, त्यानं तोंडानं परत म्हणायला हवं, असं तो सांगायचा.

"बहिरी नाय मी," कमळाबाई म्हणायची.

"मंग बोल की."

"नऊ! नऊ! झालं समाधान?"

चौऱ्याण्णव सालची पौषातली पुनव होती. दुपारी बाराच्या सुमाराला भरती पुरी भरली तशी ते निघाले. आधीच्या फेऱ्यांत नांगर पडायचा तो धक्क्यापासून दिसेल इतक्यावर. त्या दिवशी वळण आलं तरी कृष्णकांत पुढंच बघत राहिला.

"आता कुटं?"

"बाबांच्या जाग्यावर."

तिनं सुकाणू धरलेला हात घट्ट केला. नको म्हणावंसं वाटलं. पण त्यानं पाठ फिरवून सांगितलं होतं, आणि त्या पाठीकडं बघून तिला कळलं की आज नको म्हटलं तर पुढच्या पुनवेला हा एकटा येईल. त्यापेक्षा आपल्यासमोर होऊन जाऊ दे, असा तिनं विचार केला. एकदा जाऊन आला की मन तरी निवेल.

"दहा!" "दहा!" "अकरा!" "अकरा!" असं करत ते खाली गेले. काठावरच्या देवळाचा कळस हळूहळू सरकत होता.

"बारा!"

"बारा!"

"गेला बग कळस आड," कृष्णकांत म्हणाला, आणि त्यानं नांगर सोडला. "ओहोटीला तीन हात ऱ्हाईल. आपल्याला अडीच पुरे. संध्याकाळी भरती लागली की चांदन्यात घरी."

दोर ताणला गेला. नाव थांबली. कमळाबाईनं स्टोव्ह पेटवला.

३

सकाळी वाड्यातल्या काशिरामनं जिताडा मासा दिला होता, चांगला चार किलोचा. एवढं मोठं धूड विळीवर कापता येत नाही, म्हणून तिनं घरचा लाकडी ठोकळा आणि कोयता बरोबर घेतला होता. ठोकळा पायांत धरून तिनं पहिला घाव घातला. दुसरा घातला. तिसऱ्या घावाला कोयता लाकडात रुतला, तो उपसताना तिचं लक्ष ठोकळ्यावर पडलेल्या पानांकडं गेलं. दोन बारीक हिरवी पानं होती. तिनं बोटानं उचलून तोंडात टाकली, तशी जीभ आंबट झाली.

चिंचेचा पाला. वारा काठाकडून येत होता, आला असेल उडून.

मग तिचा हात होता तिथंच राहिला. कळस आड गेला असं हा म्हणाला होता. कशाच्या आड?

तिनं मान वर केली. काठाच्या बांधावर चिंच उभी होती. चांगली डेरेदार, वाऱ्यावर हलणारी. मागच्या देवळाचा कळस तिनं पुरता झाकला होता.

आता कुणीही म्हणेल, बांधावर चिंच असायचीच, त्यात काय मोठं? पण ही चिंच चार वर्षांपूर्वी रस्त्याच्या कामात तोडली होती. कमळाबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पडलेल्या बुंध्यावर बसून तिनं पान खाल्लं होतं. लाकूड वाड्यात वाटलं गेलं तेव्हा तिच्या वाट्याला एक गोल चकती आली, आणि काशिरामनं ती तासून दिली होती. तीच या क्षणी तिच्या पायांत होती, वर जिताड्याचं डोकं घेऊन.

दुसरं झाड असेल, तिनं स्वतःला सांगितलं. चार वर्षांत वाढलं असेल. चार वर्षांत एवढं? मग तोडलं ते वेगळं असेल. मग ही चकती कुठली?

"अवो," तिनं जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "खूण कुटली धरलीत?"

"चिंचेची. दुसरी कुटली हाय?"

"चिंच तोडली की."

कृष्णकांत हसला. "ही काय समोर."

त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. पस्तीस वर्षांत त्याला असं हसताना तिनं पाहिलं नव्हतं, आणि त्या हसण्याचीच तिला जास्त भीती वाटली.

४

जेवण झालं. तिच्या घशाखाली दोन घास उतरले असतील नसतील. ओहोटी लागली होती. काठाचा चिखल उघडा पडू लागला, आधी पंजाएवढा, मग अंगणाएवढा. चिखलात बुडबुडे फुटल्याचा टपटप आवाज सुरू झाला, निवट्या मासोळ्या उड्या मारू लागल्या. हे सगळं रोजचं. नांगरावरची नाव ओहोटीला फिरते, तोंड वरच्या अंगाला, पनवेलकडं करते. ही फिरली नव्हती. तिचं तोंड चिंचेकडंच होतं, कुणी दाव्याला धरून ठेवल्यासारखं.

तीन वाजता कमळाबाईनं स्वतः दोरी सोडली आणि गाठी मोजल्या. बारा.

चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजल्या. बारा. दुसऱ्या बाजूनं सोडून पाहिली. बारा.

"डोह असेल हितं," ती मोठ्यानं म्हणाली. पण डोह असला तरी वरचं पाणी उतरतंच ना? काठावर तर पुरुषभर उतरलेलं दिसत होतं. चार वाजता पुन्हा बारा. तिला दोरीचाच राग आला, आणि तिनं ती फळीवर आपटली.

तेवढ्यात काशिराम दिसला. वाड्यातलाच, चाळिशीचा, खाडीत डोल जाळं लावणारा. कमळाबाईच्या जिवात जीव आला. "काशिराम! ए काशिराम!"

त्यानं मान वळवली नाही. तो आपली होडी ढकलत येत होता. गुडघाभर चिखलात पाय रुतवत, उपसत, ढकलत. तो जवळ आला, आणखी जवळ आला, आणि मग तिला दिसलं की तो काठावरून चाललेला नाही. नावेपासून दहा हातांवर, जिथं तिच्या मापानं बारा हात पाणी होतं तिथं, तो गुडघाभर चिखलातून चालत होता. त्याच्या आणि नावेच्या मध्ये पाणी होतं. त्याच्या पायाखाली ते नव्हतं.

"काशिराम, मी कमळाकाकी रे!"

तो थांबला. बिडी काढली, पेटवली. धूर सोडून सरळ तिच्याकडं बघितलं, तिच्यातून पलीकडं बघितलं, थुंकला आणि पुन्हा होडीला खांदा लावला. बिडीचा वास तिच्या नाकापर्यंत आला होता.

ती फळीवर बसली.

५

"नांगर उचला," ती म्हणाली.

"नाय."

"तुमाला दिसलं नाय का आता? ही जागा चांगली नाय. उचला."

"ह्या खेपेला नाय, कमळे." तो शांत होता. "तो सांगून गेलाय मना. येईपत्तुर उचलू नको म्हनून."

"छत्तीस वर्षं झाली!"

"तरी मी उचलनार नाय."

तिनं रडून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या, दीपाची शपथ घालून पाहिली. दीपा म्हणजे त्यांची मुलगी, नवीन पनवेलला दिलेली. तो दोरापाशी मांडी घालून बसला होता. जोरानं हलवण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती, आणि त्याला एकटं टाकून कुठं जायचं तर खाली बारा हात पाणी होतं. शेवटी तिनं डोळे पुसले आणि कोयता मांडीवर घेतला.

"आयका. भरती लागेपत्तुर थांबू. तुमी नांगर उचलू नका, मी काय बोलनार नाय. पन भरतीचं पयलं पानी फिरलं की मी दोर तोडनार. मग आडवे आलात तर तुमच्या हातावर घाव पडंल, सांगून ठेवते. घरून दोघं निघालो, घरी दोघं जाऊ."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाला.

ते बसून राहिले. सूर्य खाली उतरला. वारा पडला तरी चिंच हलत होती. सहा वाजायला आले तेव्हा तिवरांच्या रानातून आवाज आला. चप्प. मग थोडा वेळ काही नाही. मग चप्प. एकच वल्हं मारत कुणी यावं तसा. कोळ्याच्या पोरीला तो आवाज काय शिकवायचा? मासा नव्हे, खेकडा नव्हे, वल्हंच ते. आवाज जवळ आला, नावेच्या मागच्या अंगाला येऊन थांबला, आणि लाकडाला लाकूड लागलं.

कृष्णकांत उठून मागं गेला. कमळाबाई त्याच्या पाठोपाठ गेली आणि तिनं त्याचा सदरा मुठीत धरला. नावेच्या काठावर चार बोटं होती. चिखलानं राखाडी झालेली, तरण्या माणसाची, आणि नखं पांढरी पडतील इतकी घट्ट धरलेली. बाकीचं काठाखाली होतं. तिनं वाकून पाहिलं नाही. कृष्णकांत मात्र वाकला, उजवा हात त्यानं पुढं केला, आणि म्हणाला, "मी हाय रं. हितंच हाय."

त्याच वेळी पाण्यावरची चिंचेची पानं थांबली आणि उलटी वाहू लागली. भरती.

दोर पुढच्या टोकाला. माणूस मागच्या टोकाला. दोन्ही एकदम धरता येण्याएवढे लांब हात देवानं बाईला दिलेले नाहीत. कमळाबाईनं सदरा सोडला. ती धावत पुढं गेली, ठोकळा दोराखाली सरकवला आणि पाठमोऱ्या अवस्थेतच सगळा जीव एकवटून कोयता हाणला. एकदा, दोनदा. घाव घालताना तळपायांना कळलं, की नाव मागून जराशी वर उचलली गेली आणि मग पुन्हा खाली गेली. तिसऱ्या घावाला दोर तुटला, कोयता चिंचेच्या लाकडात वीतभर घुसला.

नाव दणका बसून धारेकडेच्या चिखलात टेकली आणि कलली. कमळाबाई आपटली. उठून बघते तर चहूबाजूंनी चिखल, मधून लहानशी धार, आणि काठाच्या बांधावर काही नाही. देवळाचा कळस उघडा, मावळतीच्या उजेडात.

सुकाणूपाशी कृष्णकांत बसला होता. नखशिखांत भिजलेला, थरथरणारा, सदरा तोच. कमळाबाईनं त्याला मिठी मारली आणि ती ओक्साबोक्शी रडली. तिनं त्याला परत आणलं होतं.

पाणी चढल्यावर त्यानं शीड वर ओढलं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन, झपाझप. भीतीनं कधी कधी आखडलेल्या शिरा मोकळ्या होतात, असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं.

६

"आई, खांदा बरा झाला, तर तू तोंड पाडून का बसलीस?" दीपा म्हणाली. नवीन पनवेलच्या डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, की साठीच्या माणसाचं इतकं दणकट काळीज आपण पाहिलेलं नाही. कमळाबाईनं डॉक्टरला नमस्कार केला आणि घरी आली.

तो बोलायचा नाही. सांगितलेलं काम करायचा. जेवताना मान खाली, तिच्याकडं नजर म्हणून नाही, लाजल्यासारखा. पहिल्या दिवसापासून ओटीवर निजायला लागला. दुसऱ्या सकाळी बादली उचलून तो खाडीकडच्या भिंतीपाशी गेला आणि भिंतीला नाक लावून उभा राहिला. तिथं पूर्वी दार होतं. पासष्ट साली मागची खोली काढली तेव्हा कृष्णकांतनंच स्वतःच्या हातानं ते चिणलं होतं.

"दार पुढं हाय," कमळाबाई म्हणाली. तो मुकाट्यानं वळला.

धक्का बसलाय, ती स्वतःला समजवायची. माणूस विसरतो. पण भांडी घासताना तळपायांना ते आठवायचं. आधी नाव वर आली होती. मग खाली गेली. कुणी चढलं असतं तर नुसती खाली गेली असती. आधी कुणीतरी उतरलं होतं.

तिनं नांगर उचलला होता. माणूस आत आहे की नाही हे न बघता. नवऱ्यानं जे केलं म्हणून तो पस्तीस वर्षं कुढला, तेच तिनं पाठ फिरवून केलं होतं.

पंधरा दिवसांनी काशिराम ओट्यावर आला. दोर तुटून राहिलेला नांगर शोधायला तिनंच त्याला धाडला होता.

"नांगर नाय, दोर नाय, काय नाय, काकी. तीन हात पान्यात गळ घालून तीनदा फिरलो." तो घुटमळला. घरातल्या माणसाकडं त्यानं चोरून पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "पन ओहोटीला तिकडं कोनतरी ओरडतंय."

"काय ओरडतंय?"

"बारा. नुसतं बारा. जरा थांबतंय, पुन्ना बारा. पुढं जायना मागं जायना. म्हातारा आवाज हाय. मी तर होडी टाकून पळालो."

कमळाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. पुढं कसं जाईल तो? मागून कुणी परत म्हणत नाही तोवर तो पुढचं माप घेणार नव्हता. पंधरा दिवस, भूक नाही, तहान नाही, तिकडं उभा राहून तो तिच्या उत्तराची वाट बघत होता.

त्या दिवशी ती पोटभर जेवली. तिनं काशिरामकडून त्याचा जादा नांगर मागून घेतला, आणि नवा दोर.

७

माघातल्या पुनवेच्या आदल्या दिवशी ती ठोकळा डोक्यावर घेऊन बांधावर गेली. रस्त्याच्या कडेला चिंचेचा खुंट अजून होता, गवतात दडलेला. गवत काढून तिनं त्यावर ठोकळा ठेवला, जरा फिरवून नीट बसवला. चिंच जागेवर ठेवली, जेवढी उरली होती तेवढी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती भरली तशी तिनं ओटीवरच्या माणसाला सांगितलं, "चला." तो उठला. कुठं म्हणून विचारलं नाही. धक्क्यावरच्या बायका बघत होत्या. शांती म्हणाली, "काय गं, आज पन मिरवायला?"

"आज पावना सोडायचाय आन् मानूस आनायचाय," कमळाबाई म्हणाली, आणि बायका हसल्या.

तिला त्याचा राग येत नव्हता. साठीचं शरीर पांघरून एकवीस वर्षांचं लेकरू परक्या घरात वावरत होतं, भिंतीत दार शोधत होतं. पाहुणा सोडायचा, हे बायकांना सांगायला. मनात तिनं वेगळंच ठरवलं होतं. तीन माणसं बसतील एवढी नाव मोठी आहे. दोघांना घेऊन येईन, नाही तर मीही येणार नाही. दोर तोडायला या खेपेला तिनं काही आणलं नव्हतं. कोयता घरी, फळीवर.

वळण गेलं. कळस सरकू लागला. बांधावर लांबून ठोकळा दिसत नव्हता, दिसणार कसा एवढासा? तिनं सुकाणू हलू दिलं नाही. कळस सरकत सरकत बांधाच्या त्या जागेवर आला, आणि चिंचेआड गेला.

तोंडात आंबट पाणी सुटलं. कमळाबाईनं पदर खोचला.

"भावजी," ती म्हणाली, "नांगर टाका."

पुढं उभ्या असलेल्या माणसानं मान वर केली. महिन्याभरात पहिल्यांदा तो बोलला. आवाज तरणा होता, आणि रडवेला.

"व्हय, वयनी," म्हणाला आणि त्यानं नांगर सोडला.

ओहोटी लागली. चिखल उघडा पडला, निवट्या उड्या मारू लागल्या, नाव चिंचेकडं तोंड करून उभी राहिली. कमळाबाई बसून होती. सहाच्या सुमाराला तिवरांच्या रानातून आवाज आला. खोल गेलेला, दमलेला, पण घोळक्यात ऐकला असता तरी तिनं ओळखला असता.

"बारा!"

ती उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती भरून ओरडली, "बारा!"

पुढच्या टोकाला दत्ता गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. चिंचेचा पाला पाण्यावर पडत होता. मग चप्प असा वल्ह्याचा आवाज झाला, आणि मघापेक्षा जरा जवळून आलं, "अकरा!"